चांद्याच्या गोंड राजवंशाची वंशावळ आणि कौटुंबिक इतिहासातील नोंदींची विश्वसनीयता : बल्लारपूर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यासमोर पहिला प्रश्न साधने मिळविण्याचा असतो. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मिळालेल्या साधनावर कितपत विसंबावे, हा तो प्रश्न होय. मराठी इतिहाससंशोधनात या दुसऱ्या प्रश्नाची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा बखरींतील हकिगती अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या असता कालानुक्रमाची किती गफलत उघड होते, हे प्रस्तावनेत विस्ताराने दाखविले. मात्र हा काटेकोरपणा राजकीय इतिहासापुरताच अधिक पाळला गेला. घराण्यांच्या वंशावळी, कुळकटे, उपाध्यायांच्या वह्या आणि महसुली दप्तरांतील नावे यांच्याकडे पाहताना अभ्यासकांची भूमिका बहुधा दोन टोकांची राहिली. एक तर 'कागदावर आहे म्हणजे खरे' असे मानावयाचे, नाही तर 'भाटांनी रचलेले' म्हणून सर्वच टाकून द्यावयाचे.

प्रस्तुत शोधनिबंधात चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर परिसर डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. या निवडीचे कारण उघड आहे. वर्धा नदीच्या काठी उभा असलेला येथील किल्ला ज्या राजवंशाने बांधला, त्याच राजवंशाचा शेवटचा सत्ताधीश नीलकंठशाह नागपूरकर भोसल्यांचा बंदिवान म्हणून याच किल्ल्यात मरण पावला. राजवंशाची सुरुवातीची राजधानी आणि अखेरचा तुरुंग एकाच ठिकाणी असावा, असे उदाहरण विरळाच. या वंशाची वंशावळ छापील स्वरूपात उपलब्ध आहे, ती असंख्य वेळा उद्धृत झाली आहे, आणि तिच्यातील सनांना स्वतंत्र साधनांचा आधार मिळत नाही.

लुसी स्मिथ यांची यादी

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा जिल्हा इंग्रजी अंमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली. त्यानंतर झालेल्या पहिल्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये लिहिला. महसूल ठरविण्यासाठी लिहिलेल्या या अहवालात जिल्ह्याच्या पूर्वेतिहासाचे एक प्रकरण असून, स्थानिक परंपरेवरून सिद्ध केलेली गोंड राजांची यादी त्यात आली आहे. तीच पुढे गॅझेटिअरांतून आणि तेथून शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचली.

यादी भीम बल्लाळसिंहापासून सुरू होते. त्याचा काल इ. स. ८७०. पुढे खर्जा बल्लाळसिंह ८९५, हीरसिंह ९३५, अंडिया बल्लाळसिंह ९७०, तलवारसिंह ९९५, केसरसिंह १०२७, दिनकरसिंह १०७२, रामसिंह ११४२, सुर्जा बल्लाळसिंह ऊर्फ शेरशाह १२०७, खांडक्या बल्लाळशाह १२४२, हीरशाह १२८२, भूमा व लोकबा संयुक्तपणे १३४२, कोंड्याशाह ऊर्फ कर्णशाह १४०२, बाबाजी बल्लाळशाह १४४२, धुंड्या रामशाह १५२२, कृष्णशाह १५९७, बीरशाह १६४७, रामशाह १६७२ आणि नीलकंठशाह १७३५ ते १७५१. एकूण एकोणीस कारकिर्दी आणि ८८१ वर्षे.

ही यादी वाचताना प्रथमदर्शनी शंका येण्याचे कारण नाही. प्रत्येक नावापुढे सन आहे आणि कोठेही खंड नाही. परंतु कौटुंबिक इतिहासाच्या साधनांत खंड नसणे हेच पुष्कळदा संशयाचे पहिले चिन्ह असते. ज्या काळातील एकही लेखी दप्तर वंशाकडे उरलेले नाही, त्या काळातील प्रत्येक राज्यारोहणाचा नेमका सन सांगता येतो, तो कशाच्या आधारे?

सरासरी काढली असता प्रत्येक कारकीर्द ४६ वर्षांहून अधिक भरते. तुलनेसाठी बाबरापासून औरंगजेबापर्यंतचे सहा मोगल बादशहा पाहता येतील. १५२६ ते १७०७ या १८१ वर्षांत, सूर घराण्याचा मधला काळ धरूनही, सरासरी तीस वर्षांच्या आसपास येते, आणि अकबर व औरंगजेब यांच्या असाधारण दीर्घ कारकिर्दी तिच्यात समाविष्ट आहेत. एखाद्या राजाने पन्नास वर्षे राज्य करणे अशक्य नाही. परंतु बापाने दीर्घकाळ राज्य केले म्हणजे मुलगा प्रौढ वयात गादीवर येतो आणि त्याची कारकीर्द सामान्यतः आखूड होते. एकोणीस पिढ्यांपर्यंत ४६ वर्षांची सरासरी टिकणे निसर्गनियमाला धरून नाही. बाबाजीची ८० आणि त्याच्या लगेच पुढच्या धुंड्या रामशाहाची ७५ वर्षे एकत्र घेतली तर दोन कारकिर्दींत दीडशे वर्षांहून अधिक काळ जातो.

याहून बोलका पुरावा सनांच्या शेवटच्या अंकांत आहे. पहिले पाच सन ८७०, ८९५, ९३५, ९७० आणि ९९५ असे आहेत. सर्वांचा शेवट शून्य अथवा पाच या अंकाने होतो. त्यानंतर केसरसिंहाच्या १०२७ पासून रामशाहाच्या १६७२ पर्यंतचे तेरा सन घेतले तर प्रत्येकाचा शेवटचा अंक दोन अथवा सात आहे. याचा अर्थ असा की, या तेरा सनांमधील प्रत्येक अंतर पाचाच्या पटीत आहे. ४५, ७०, ६५, ३५, ४०, ६०, ६०, ४०, ८०, ७५, ५० आणि २५. राजे पाच वर्षांच्या हिशेबाने मरत नाहीत. असे अंक योगायोगाने जुळणे जवळजवळ असंभव आहे. म्हणजेच यादी तयार करणाऱ्या कोणी तरी प्रत्येक राजाला अंदाजाने पूर्ण अंकांची कारकीर्द दिली आणि कोणत्या तरी धरलेल्या सनापासून बेरीज-वजाबाकी केली, असे अनुमान निघते. ९९५ आणि १०२७ यांमधील ३२ वर्षांचे अंतर या साच्यात बसत नाही. दोन निरनिराळ्या याद्या तेथे सांधल्या गेल्या असाव्यात काय, हा प्रश्न उपस्थित करण्याजोगा आहे.

शिरगणतीच्या अहवालांत वय सांगताना लोक तीस, पस्तीस, चाळीस असे पूर्ण अंक सांगतात, हे फार पूर्वी लक्षात आलेले आहे. राजवंशाच्या यादीतही हीच मानवी सवय उमटलेली दिसते. तिच्यात फसविण्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही. साहेबाने सन विचारला आणि सांगणाऱ्याने सांगितला, एवढेच घडले असणे शक्य आहे. सरकारी कागदावर रिकामा रकाना ठेवणे कोणालाच आवडत नाही, हा अनुभव आजही येतो.

फार्सी साधनांची साक्ष

यादीतील आतील विसंगती दाखविणे हे अंतर्गत परीक्षण झाले. परंतु तेवढ्याने खरा काल कळत नाही. त्यासाठी वंशाशी हितसंबंध नसलेल्या साधनाकडे वळावे लागते. चांद्याच्या बाबतीत असे साधन मोगल दरबारी लेखनाच्या रूपाने उपलब्ध आहे.

अबुल फजल याच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या बाबजी नामक गोंड जमीनदाराचा उल्लेख आहे. त्याच्याजवळ एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे, तसेच हिऱ्याची खाण असलेले वैरागड त्याने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका प्रमुखाकडून जिंकल्याचे त्यात म्हटले आहे. ही माहिती सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील आहे. लुसी स्मिथ यांच्या यादीप्रमाणे बाबाजी बल्लाळशाहाची कारकीर्द १५२२ मध्येच संपली. म्हणजे मृत्यूनंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हा राजा मोगल लेखकाच्या पुस्तकात जिवंत आढळतो. येथे वंशावळ आणि समकालीन नोंद यांपैकी कोणाला झुकते माप द्यावयाचे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. अबुल फजलाला बाबाजीचे वंशगौरव वाढविण्यात कोणताही स्वार्थ नव्हता.

तथापि, याच नोंदीतील चाळीस हजार पायदळाचा आकडा तितक्याच विश्वासाने स्वीकारता येत नाही. जमीनदाराचे नाव, जात आणि ताब्यातील मुलूख ही माहिती मोगल अंमलदारांना प्रत्यक्ष व्यवहारासाठी लागत होती. जंगलात विखुरलेले पायदळ कोणी मोजले असण्याचा संभव नाही. तो आकडा ऐकीव असावा. एकाच साधनातील, किंबहुना एकाच वाक्यातील दोन तपशिलांची विश्वसनीयता भिन्न असू शकते, हे तत्त्व कौटुंबिक इतिहासात फार महत्त्वाचे आहे. साधन विश्वसनीय की अविश्वसनीय, असा सरसकट निवाडा करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

सतराव्या शतकातील नोंदी अधिक गुंतागुंतीच्या आहेत. १६६७ मध्ये दिलेरखान चांद्यावर चालून आला, तेव्हा तेथील जमीनदाराचे नाव फार्सी साधनांत मांजी मल्लार असे येते. लुसी स्मिथ यांच्या यादीत असे नावच नाही. त्यानंतर चांद्याचा राजा म्हणून रामसिंगाचा उल्लेख येतो. १६८३ मध्ये मोगलांनी त्यास पदच्युत करून किशनसिंगाला गादी दिली आणि १६८४ मध्ये रामसिंग चांद्यात शिरण्याच्या प्रयत्नात मारला गेला. किशनसिंग १६९६ मध्ये वारला आणि बीरसिंग गादीवर आला. जदुनाथ सरकार यांनी औरंगजेबाच्या चरित्रग्रंथात ही हकिगत फार्सी साधनांवरून दिली आहे. बीरशाहानंतर राणी हिराईने दत्तक पुत्र रामशाह अल्पवयीन असताना कारभार पाहिला. अलीकडच्या मराठी लेखनात या कारभाराचा काल १७०४ ते १७१९ असा दिला जातो. राणीने पतीच्या स्मरणार्थ उभारलेली समाधी चंद्रपुरात अचलेश्वर मंदिराजवळ आजही उभी आहे.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहाव्यात. नीलकंठशाहाच्या राज्यारोहणाचा सन १७३५ धरण्यास अडचण नाही. तो काल नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासाशी जुळतो. रामशाहाच्या बाबतीत यादीत १६७२ आहे. वरील कालानुक्रमाप्रमाणे १७०४ येतो, म्हणजे चूक ३२ वर्षांची. बीरशाहाचे १६४७ आणि १६९६, चूक ४९ वर्षांची. कृष्णशाहाचे १५९७ आणि १६८३, चूक ८६ वर्षांची. जसजसे मागे जावे तसतशी चूक वाढत जाते. खांडक्या बल्लाळशाहाचा काल यादीत १२४२ असून अलीकडील स्थानिक लेखनात तो १४७२ ते १४९७ असा मानला जातो. तेथे अंतर २३० वर्षांचे होते. ज्याने सिरपूरहून राजधानी बल्लारपुरास आणली आणि पुढे झरपट नदीकाठी चंद्रपूर वसविले असे परंपरा सांगते, तो राजा तेराव्या शतकातील की पंधराव्या, यावर दोन्ही शहरांचे वय अवलंबून आहे.

कृष्णशाहापासून नीलकंठशाहापर्यंतच्या चार कारकिर्दी यादीप्रमाणे १५९७ ते १७५१ अशा १५४ वर्षे चालतात. फार्सी साधनांप्रमाणे त्याच चार कारकिर्दी १६८३ ते १७५१ या ६८ वर्षांत संपतात. सरासरी १७ वर्षे. पंचवीस वर्षांची उदार सरासरी धरून एकोणीस राजांचा हिशेब केला तरी वंशाचा आरंभ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे जात नाही. हे गणित म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा नसलेल्या जागी कोणता दावा अवाजवी आहे, एवढेच त्याने कळते.

परंतु यादी टाकाऊ ठरते काय? येथेच खरी मौज आहे. कृष्ण, बीर, राम, नीलकंठ हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे. एवढेच नव्हे, तर यादीत कृष्णशाहाच्या आधी धुंड्या रामशाह आहे आणि फार्सी साधनांतही किशनसिंगाच्या आधी रामसिंग आहे. हे दोघे एकच असण्याचा संभव पुष्कळ आहे. धुंड्या रामशाहाच्या आधी यादीत बाबाजी बल्लाळशाह येतो. फार्सी साधनांत रामसिंगाच्या आधी मांजी मल्लार आहे आणि त्याच्याही बऱ्याच आधी अबुल फजलाचा बाबजी आहे. 'मल्लार' हे 'बल्लाळ'चे फार्सी लेखणीतून झालेले रूप असेल, तर 'बल्लाळ' हे उपपद धारण करणारे दोन भिन्न राजे स्थानिक स्मृतीत एकजीव झाले आणि त्यांच्या वाट्याला मिळून ८० वर्षांची कारकीर्द आली, असे म्हणता येईल. हे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते मांडले आहे. तथापि त्यातून वंशावळीच्या स्वभावाचा एक विशेष स्पष्ट होतो. ती वर्षे वाढविते आणि माणसे कमी करते. नावांचा क्रम तिला आठवतो, काल आठवत नाही.

एका गैरसमजाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. यादीत सुर्जा बल्लाळसिंहापर्यंतची नावे 'सिंह' या पदाने आणि पुढील बहुतेक नावे 'शाह' या पदाने संपतात. सुर्जाने दिल्लीच्या बादशहासाठी एक किल्ला जिंकला म्हणून त्याला 'शाह' हा किताब मिळाला, अशी आख्यायिका आहे. १२०७ मध्ये दिल्लीची सुलतानशाही जेमतेम एक वर्षाची होती, हे लक्षात घेता आख्यायिका त्या सनाशी जुळत नाही. शिवाय मोगल लेखक सतराव्या शतकाच्या अखेरीसही चांद्याच्या राजांना रामसिंग, किशनसिंग, बीरसिंग असेच म्हणतात. तेव्हा 'सिंह' व 'शाह' यांवरून काल ठरविण्यात अर्थ नाही.

परधानांची मौखिक परंपरा

लुसी स्मिथ यांच्यापर्यंत नावे आली ती अखेर लोकांच्या तोंडून. गोंड समाजात वंश आणि कुळदेवतांच्या कथा जतन करण्याचे काम परधानांकडे परंपरेने आहे. किंगरीच्या साथीने ते आपल्या आश्रयदात्या कुळाची कथा पेनपूजेच्या प्रसंगी गातात. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथात या परंपरेची विस्तृत नोंद केली आहे. परधानाच्या कथनाचे प्रयोजन सगा, कुळ आणि पेन यांचे नाते सांगणे हे असते. कोणाचे लग्न कोणाशी होऊ शकते आणि पूजेत कोणाचा मान पहिला, हे त्यातून ठरते. या बाबतीत चूक झाली तर ऐकणारे तत्काळ हरकत घेतील. म्हणून कुळनाव, सगा आणि मूळ गाव यांविषयीची परधानाची साक्ष भक्कम मानावी लागते. अमुक पूर्वज किती वर्षांपूर्वी होऊन गेला, हे विचारण्यासाठी मात्र ती परंपरा निर्माणच झालेली नाही. इंग्रज अधिकाऱ्याने तिला सन विचारला, यात दोष परंपरेचा नाही.

त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनाही हाच निकष लावता येतो. यात्रेकरूने स्वतः लिहिलेली आपली, भावांची आणि मुलांची नावे प्रत्यक्ष साक्षीची असतात. त्याच पानावर लिहिलेली पणजोबांची नावे ऐकीव असतात. एकाच शाईने लिहिली म्हणून ती एकाच तोलाची होत नाहीत.

नदीचे दोन काठ आणि दप्तराच्या दोन पद्धती

राजवंशाला निदान मोगल इतिहासकार तरी लाभले. सामान्य कुटुंबाजवळ असतात ते बंदोबस्ताची मिसल, खसरा, कोतवाल बुकाची नक्कल आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. बल्लारपूर परिसरात यांचा शोध घेणाऱ्यासमोर एक भौगोलिक अडचण उभी राहते. वर्धा नदीचा डावा काठ मध्यप्रांतात होता आणि उजव्या काठावरील राजुरा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या, नंतर राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो प्रथम नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आला. दोन्ही काठांवर सोयरीक, शेती आणि बाजार एकच होते. दप्तरे मात्र दोन. एका बाजूस मराठी-हिंदी आणि इंग्रजी सन, दुसऱ्या बाजूस उर्दू लिपी आणि फसली सन.

फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो, असा ढोबळ नियम सांगितला जातो. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये आजूर महिन्याने सुरू होत असे. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमधील नोंदीत ५९० मिळवावे लागतात, जानेवारीपासूनच्या नोंदीत ५९१. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासून सप्टेंबर १९४८ पर्यंतचा काळ. महिना न पाहता केलेल्या रूपांतरात एक वर्षाची चूक सहज होते. तीच व्यक्ती नदीच्या एका काठावरील नोंदीत एक वर्षाने मोठी आणि दुसऱ्या काठावरील नोंदीत लहान दिसू लागते, आणि वारसाच्या प्रकरणात या दोन नोंदी 'दोन भिन्न व्यक्तींच्या' म्हणून नाकारल्या जाण्याचा धोका निर्माण होतो. नावांचेही असेच आहे. तेलुगू भाषक कुटुंबांत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची रीत आहे. मराठी कारकून तेच नाव व्यक्तीचे समजून नोंदवितो. कोळसा खाणी आणि कागद कारखान्यामुळे बल्लारपुरात अशी कुटुंबे पुष्कळ स्थायिक झाली असल्याने हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही.

मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर देई आणि ती नोंदली जाई. या नोंदीची ताकद तिच्या समकालीनतेत आहे. जन्मानंतर थोड्याच दिवसांत, कोणताही दावा डोळ्यांसमोर नसताना ती झालेली असते. परंतु बहुसंख्य नोंदींत मुलाचे नाव नसते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच. बारसे होण्याआधीच खबर गेलेली असे. तेव्हा 'अमुक यास मुलगा झाला' ही नोंद पुढे हयात असलेल्या विशिष्ट मुलाचीच आहे, हे सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या साधनाची जोड लागते. याउलट शाळेच्या रजिस्टरात मुलाचे नाव निश्चित असते, पण जन्मतारीख गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने बसविलेली. एका पिढीतील कितीतरी मुले १ जुलै रोजी जन्मलेली आढळतात. लुसी स्मिथ यांच्या यादीतील दोन आणि सात या अंकांची आठवण येथे होते.

जमात पडताळणी आणि वनहक्क

या सर्व चर्चेला आज जे महत्त्व आले आहे, ते न्यायालयीन आणि प्रशासकीय व्यवहारामुळे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कुमारी माधुरी पाटील प्रकरणात जमातीच्या दाव्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली. महाराष्ट्राचा यासंबंधीचा २००० चा कायदा २००१ मध्ये अमलात आला आणि सिद्धतेचा भार दावेदारावर टाकण्यात आला. २०११ मधील आनंद विरुद्ध पडताळणी समिती या निर्णयात स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांचे पुराव्यातील मोल अधोरेखित झाले. २०२३ मध्ये आदिवासी ठाकूर जमातीच्या प्रकरणात आप्तसंबंध चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात माना जमातीचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९५६ च्या यादीत गोंड आणि तिच्याखालील नोंदी चांदा जिल्ह्याच्या गडचिरोली व सिरोंचा या दोनच तहसिलींपुरत्या लागू होत्या. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठले. माना ही गोंडांची उपजमात नसून स्वतंत्र जमात आहे, हे मत २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाले. आता बल्लारपूर परिसरातील एखाद्या कुटुंबाची १९५६ नंतरची, परंतु १९७६ पूर्वीची नोंद विचारात घ्यावी. तेथे 'माना' असे लिहून कुटुंबाला अनुसूचित जमातीचा कोणताही लाभ होणार नव्हता. लाभ नसताना झालेल्या नोंदीत खोटेपणाचे कारण उरत नाही, म्हणून तिचे वजन वाढते. परंतु हीच परिस्थिती उलट बाजूनेही पाहिली पाहिजे. लाभ नसल्यामुळे नेमकेपणाची गरजही कोणाला वाटत नव्हती. कारकुनाने 'माना'ऐवजी 'कुणबी' लिहिले तर त्याला हरकत घेण्यासाठी तहसिलीपर्यंत पायपीट करणारा कोण होता? म्हणून अशा काळातील अनुकूल नोंद भक्कम पुरावा ठरते, पण प्रतिकूल नोंद तेवढ्याच बळाने विरुद्ध पुरावा ठरत नाही. पडताळणीच्या व्यवहारात हा भेद पाळला जाणे आवश्यक आहे, कारण एका विद्यार्थ्याचा प्रवेश अथवा एका कर्मचाऱ्याची वीस वर्षांची नोकरी अशा एका शब्दावर टांगलेली असते.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. १ जानेवारी २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमांतील तेराव्या नियमाने पुराव्याची व्याप्ती रुंद ठेवली आहे. जुन्या अभिलेखात रहिवासी म्हणून नमूद असलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन, हे दोन्ही त्यात पुरावे म्हणून मान्य आहेत. ज्या परंपरेकडून १८६९ च्या अहवालाने सन मागितले होते, तिच्याकडे आता शासनच नाते आणि वास्तव्य विचारीत आहे.

या निवेदनांचे लेखन कसे होते, यावर मात्र पुष्कळ अवलंबून आहे. ग्रामसभेत वृद्ध व्यक्ती सांगते की, आजोबांनी मोहाचे ते झाड असलेली जागा फोडली आणि मोठा दुष्काळ पडला त्याआधी तेथे घर होते. लिहून घेणारा त्याचे '१९२५ पासून वास्तव्य' असे रूपांतर करतो, कारण अर्जाला सन हवा असतो आणि ७५ वर्षे भरावयास हवीत. आजोबांचे नाव, झाड आणि दुष्काळ ही वृद्धाची साक्ष आहे. १९२५ हा सन लिहिणाऱ्याचा आहे. पुढे मिसलीत आजोबांचे नाव १९२९ मध्ये आढळले तर खोटे ठरते ते वृद्धाचे कथन. म्हणून सांगितलेले शब्द जसेच्या तसे उतरवावेत, काढलेला सन निराळ्या ओळीत द्यावा, सांगणाऱ्याचे वय, दावेदाराशी असलेले नाते आणि निवेदनाची तारीख खाली नोंदवावी, आणि तो दुष्काळ कोणता हे गावातील आणखी दोघांना स्वतंत्रपणे विचारून मगच सनाचा आकडा लिहावा.